अकिलीस ते दिल्ली : एका हलक्या क्रूझरची नोकरी

मंडळी, आजच्या व्याख्यानातली बोट सभागृहातल्या काही ज्येष्ठ मुंबईकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असणार. ३० जून १९७८ रोजी मुंबईत 'आयएनएस दिल्ली' नौदलातून निवृत्त झाली. तेव्हा ती पंचेचाळिशीची होती. युद्धनौकेच्या हिशोबात हे वय म्हणजे म्हातारपणाच्याही पुढचं. मुंबईला ती 'दिल्ली' म्हणून माहीत होती, पण तिचं मूळ नाव 'अकिलीस'. दुसऱ्या महायुद्धातल्या पहिल्या मोठ्या सागरी लढाईत, म्हणजे रिव्हर प्लेटच्या लढाईत, ती होती. आज मुख्यतः त्या लढाईबद्दल आणि नंतर ती आपल्याकडे कशी आली याबद्दल बोलणार आहे.

आधी 'हलकी क्रूझर' हे प्रकरण समजून घेऊ. १९३० च्या लंडन करारानं क्रूझरची विभागणी वजनावरून नाही, तोफेच्या व्यासावरून केली. सुमारे सहा इंचांपर्यंतची तोफ असेल तर हलकी, आठ इंची असेल तर भारी. अकिलीस लिअँडर वर्गातली. इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड गोदीत बांधलेली, १९३३ साली सेवेत आलेली. सुमारे सात हजार टन, वेग बत्तीस नॉटच्या आसपास आणि सहा इंची आठ तोफा. या तोफा जोडीजोडीनं चार फिरत्या मनोऱ्यांत, म्हणजे टरेटमध्ये बसवलेल्या. पुढे दोन टरेट, मागे दोन. कामही ठरलेलं : व्यापारी मार्गांवर गस्त घालायची, शत्रू दिसला की कळवायचं, त्याच्या मागे राहायचं. बलाढ्य जहाजाशी समोरासमोर मारामारी करावी म्हणून कुणी हलकी क्रूझर बांधत नसतं.

आणि १३ डिसेंबर १९३९ च्या सकाळी तिला नेमकं तेच करावं लागलं.

समोर होती जर्मन 'ग्राफ श्पे'. वर्तमानपत्रांनी तिच्या जातीला 'पॉकेट बॅटलशिप' असं नाव ठेवलं होतं. अकरा इंची सहा तोफा, दोन टरेटमध्ये तीन-तीन. तिचा एक गोळा तीनशे किलोचा. अकिलीसचा गोळा जेमतेम पन्नास किलोचा. कॅप्टन हान्स लँग्सडॉर्फ यानं सप्टेंबरअखेरपासून दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात मिळून नऊ ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवली होती, आणि त्यात एकाही खलाशाचा जीव घेतला नव्हता. माणसं आधी उतरवून घ्यायची, मग जहाज बुडवायचं, अशी त्याची पद्धत. या नऊंपैकी 'हंट्समन' कलकत्त्याहून माल घेऊन निघालेलं होतं, त्यावर आपले हिंदी खलाशीही होते. पकडलेले बरेच लोक जर्मन पुरवठा-जहाज 'आल्टमार्क'वर कोंडून ठेवले गेले आणि फेब्रुवारी १९४० मध्ये नॉर्वेच्या एका फियॉर्डमध्ये, म्हणजे चिंचोळ्या खाडीत, ब्रिटिशांनी त्यांची सुटका केली.

श्पेला शोधायला ब्रिटन आणि फ्रान्सचे अनेक ताफे समुद्रभर पसरले होते. ती सापडली ती मात्र एका माणसाच्या आकडेमोडीमुळे. २ डिसेंबरला 'डोरिक स्टार' या जहाजानं बुडण्याआधी धोक्याचा बिनतारी संदेश पाठवला. ते ठिकाण आफ्रिकेच्या बाजूला. ब्रिटिश ताफ्याचा कमोडोर हेन्री हारवूड समुद्राच्या पलीकडच्या, दक्षिण अमेरिकेच्या तीरावर होता. त्यानं विचार केला : आपला ठावठिकाणा फुटला हे शत्रूला कळलंय, तेव्हा तो आता अटलांटिक ओलांडणार. पंधरा नॉटनं आला तर १२ तारखेला रिओजवळ, १३ ला अर्जेंटिना-उरुग्वेमधल्या प्लेट नदीच्या मुखाशी, १४ ला फॉकलंडजवळ. तिन्हींत प्लेटच्या मुखाशी सगळ्यात जास्त धान्य आणि मांस भरलेली जहाजं. म्हणून त्यानं आपल्या तीन क्रूझर तिथे आणल्या : आठ इंची तोफांची 'एक्झिटर', आणि सहा इंची 'एजॅक्स' व 'अकिलीस'. १३ ला पहाटे सव्वासहाच्या सुमारास क्षितिजावर धूर दिसला. माझ्या मते या लढाईतला सगळ्यात अचूक नेम हाच, आणि तो तोफ न उडवता लागलेला.

अकिलीसचा कप्तान होता विल्यम एडवर्ड पॅरी. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे भारतात पुन्हा भेटणार आहे. बोट तेव्हा न्यूझीलंडच्या नौदल विभागात होती, आणि तिच्यावरच्या साडेपाचशेहून अधिक माणसांपैकी तीनशेवर न्यूझीलंडचे तरुण होते. लढाई सुरू होताना एका निशाणी खलाशानं न्यूझीलंडचा झेंडा आणून डोलकाठीवर चढवला. लढाईत त्या देशाचा झेंडा जहाजावर फडकण्याची ही पहिलीच वेळ.

हारवूडचा बेत साधा होता. तिघींनी एकत्र राहायचं नाही, दोन बाजूंनी भिडायचं, म्हणजे श्पेला आपल्या तोफा वाटून घ्याव्या लागतील. श्पेनं आधी एक्झिटरला धरलं. तिची टरेट उडाली, ब्रिजवरची, म्हणजे बोट चालवायच्या मजल्यावरची, जवळजवळ सगळी माणसं पडली, कप्तान बेल कसाबसा वाचला आणि बोटीच्या मागच्या भागातून तोंडी हुकूम पोचवत लढत राहिला. एक्झिटरवर एकूण ६१ माणसं गेली. अकिलीस आणि एजॅक्स दुसऱ्या अंगानं जवळ सरकत होत्या.

सुमारे वीस मिनिटांनी अकिलीसच्या अगदी जवळ पाण्यात एक अकरा इंची गोळा फुटला. बोटीला लागलाच नाही, पण त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. आता मला तुम्हाला त्या बोटीच्या एकाच खोलीत घेऊन जायचंय. ब्रिजच्या वर एक छोटी बंदिस्त खोली असते, डायरेक्टर कंट्रोल टॉवर. आठही तोफांचा नेम एकाच जागेवरून, इथूनच धरला जातो. आत दाटीवाटीनं बसलेली माणसं : कोणी दुर्बिणीतून अंतर पाहतंय, कोणी दिशा, कोणी टेलिफोनवर आकडे खाली पाठवतंय. भिंती पातळ पत्र्याच्या. गरम लोखंडाचे तुकडे हा पत्रा फाडून आत आले. त्या ठिकऱ्यांनी अकिलीसची चार माणसं गेली. तोफखाना अधिकारी वॉशबोर्न डोक्याला मार लागून क्षणभर सुन्न झाला. रॉयल मरीन्सचा सार्जंट ट्रिंबल गंभीर जखमी होऊनही जागेवरून हलला नाही. एक पोरगेला खलाशी मेल्याची बातमी खाली गेली, आणि त्यानंच टेलिफोनवरून सांगितलं की मी जिवंत आहे, बोलतोय तो मीच. ब्रिजवर पॅरीच्या दोन्ही पायांत ठिकऱ्या घुसल्या होत्या. मागच्या राखीव केंद्रानं काही मिनिटं तोफा सांभाळल्या, तोवर हा टॉवर पुन्हा कामाला लागला. मेलेल्यांना बाजूला करायलाही आत जागा नव्हती.

लढाईतल्या एका घोळाबद्दल कमी बोललं जातं. एजॅक्स आणि अकिलीस एकत्र नेम साधत होत्या, रेडिओनं एकमेकींशी जोडलेल्या. त्याच ठिकऱ्यांनी हा दुवा तुटला. वर एजॅक्सचं छोटं सीफॉक्स विमान गोळे कुठे पडतायत ते पाहून कळवत होतं, आणि दुवा तुटल्यावर कोणता गोळा कोणाचा हे कळेना. एकीच्या गोळ्यांवरून दुसरी आपला नेम दुरुस्त करत बसली. त्यात काही मोलाची मिनिटं वाया गेली. तरी अकिलीसनं त्या सकाळी दोनशेहून जास्त वेळा तोफांची सरबत्ती केली.

साडेसात उलटल्यावर हारवूडला निरोप मिळाला की एजॅक्सचा दारूगोळा वीस टक्केच उरलाय. प्रत्यक्षात तो आकडा एकाच टरेटचा होता. एजॅक्सची मागची दोन टरेट मोडली होती, एक्झिटर लंगडत फॉकलंडकडे निघाली. हारवूडनं धुराचा पडदा टाकून लढाई थांबवली. आणि इथे विचित्र गोष्ट घडली : श्पेही थांबली. बुडवायला आलेली मोठी बोट पश्चिमेकडे निघाली, आणि दोन लहान बोटी तिच्या मागे लागल्या.

या लढाईचं मर्म मला इथे दिसतं. सकाळचं दीड तास युद्ध सगळे सांगतात, नकाशे काढतात. पण हलक्या क्रूझरचं खरं काम त्यानंतर सुरू झालं, ते मध्यरात्रीपर्यंत चाललं. वाघाला गोळी घालणारा शिकारी वेगळा, आणि रानभर ओरडत त्याला एका बाजूला ढकलत नेणारे हाकारे वेगळे. अकिलीस आणि एजॅक्स त्या दिवशी हाकारे होत्या. दोन्ही बाजूंना, पंधरा-एक मैलांवर, दृष्टीआड न होता आणि टप्प्यातही न येता. दहाच्या सुमारास अकिलीस जरा जास्तच जवळ गेली. श्पेनं वळून दोन फैरी झाडल्या, अकिलीस धूर सोडून मागे हटली आणि पुन्हा मागे लागली. दुपारी तिनं 'शत्रू दिसला' असा संदेश दिला, सगळ्यांचे श्वास रोखले, वाटलं दुसरी जर्मन क्रूझर आली. ते निघालं 'डिलेन' नावाचं ब्रिटिश व्यापारी जहाज, ज्याचं धुराडं दुरून जर्मन क्रूझरसारखं दिसत होतं. संध्याकाळी नदीच्या मुखाशी श्पेनं अकिलीसवर पुन्हा काही वेळा गोळे टाकले. मध्यरात्री बाराच्या पुढे श्पे उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरली.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. उरुग्वे तटस्थ होतं, त्यानं ७२ तासांची मुदत दिली. बाहेर एजॅक्स आणि अकिलीस, आणि फॉकलंडहून धावत आलेली 'कंबरलँड', बस्स. पण ब्रिटिशांनी अफवा अशा पसरवल्या की विमानवाहू 'आर्क रॉयल' आणि बॅटलक्रूझर 'रिनाउन' जवळच टपून आहेत. १७ डिसेंबरला लँग्सडॉर्फनं स्वतःच आपली बोट उडवून दिली. तीन दिवसांत ब्वेनोस आयरेसमध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडली. त्याच्या नाखवेगिरीबद्दल ब्रिटिश कैद्यांनीही चांगलं बोललेलं आहे.

प्रशांत महासागरातली पुढची वर्षं मी भरभर सांगतो, कारण त्यात कंटाळवाणी गस्त बरीच. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयल न्यूझीलंड नेव्ही स्थापन झाली आणि अकिलीस अधिकृतपणे तिची झाली. ५ जानेवारी १९४३ ला सॉलोमन बेटांजवळ जपानी बॉम्बर विमानाचा बॉम्ब तिच्या मागच्या तिसऱ्या टरेटवर पडला, तेरा माणसं गेली. एका दिवसात रिव्हर प्लेटच्या तिप्पट, तरी या दिवसाचं नाव कोणी घेत नाही. प्रसिद्धीचा असा पक्षपात बोटींच्या बाबतीतही असतो. दुरुस्तीसाठी ती इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला वर्षभर राहिली. ते टरेट काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. मग ब्रिटिश पॅसिफिक ताफ्याबरोबर तिनं युद्धाचा शेवट पाहिला.

आता भारत. १९४८ साली आपल्या नौदलाला मोठी जहाजं हवी होती आणि ब्रिटनकडे युद्ध संपल्यावर जुनी जहाजं भरपूर होती. ५ जुलै १९४८ ला अकिलीस भारतीय नौदलात 'दिल्ली' नावानं दाखल झाली आणि ताफ्याची ध्वजनौका बनली. बोटीचे एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे कप्तानानंतरचे अधिकारी, होते कमांडर रामदास कटारी. दहा वर्षांनी हेच भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आणि बोट दाखल झाल्यावर दीडच महिन्यात, ऑगस्टमध्ये, भारतीय नौदलाचे प्रमुख म्हणून आले व्हाइस ॲडमिरल सर विल्यम एडवर्ड पॅरी! प्लेटच्या मुखाशी पायांत ठिकऱ्या घेऊन ब्रिजवर उभे असलेले तेच. १९५१ पर्यंत ते या पदावर होते. स्वतःच्या जुन्या बोटीला आपल्या नौदलाची ध्वजनौका म्हणून पाहण्याचा योग किती कप्तानांना आला असेल?

१९५० साली पंडित नेहरू याच बोटीनं इंडोनेशियाला गेले. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या नौदल संचलनासाठी ती इंग्लंडमध्ये स्पिटहेडला गेली. १९५६ साली रिव्हर प्लेटवर चित्रपट निघाला, त्यात एजॅक्स, एक्झिटर आणि श्पे यांची कामं दुसऱ्या बोटींनी केली, श्पेचं तर चक्क अमेरिकन 'सेलम'नं. अकिलीसचं काम मात्र तिनं स्वतःच केलं, सोळा वर्षांनी मोठी होऊन.

आणि मग १९६१, ऑपरेशन विजय. गोव्याच्या लढाईत 'बेतवा' आणि 'बियास'नी पोर्तुगीज युद्धनौका 'आफोन्सो द अल्बुकर्क'ला गाठलं, हे गोमंतकीयांना सांगायला नको. अंजदीव बेटावर 'त्रिशूल' आणि 'मैसूर' होत्या. 'मैसूर' ही देखील पूर्वीची ब्रिटिश हलकी क्रूझर, तिचं जुनं नाव 'नायजेरिया'. आमची दिल्ली मात्र दीवला होती. १८ डिसेंबरला तिनं सहा इंची तोफांनी दीवच्या किल्ल्यावर मारा केला. रिव्हर प्लेटनंतर बावीस वर्षांनी, पुन्हा डिसेंबरातच. समोर 'वेगा' नावाची पोर्तुगीज गस्ती बोट होती, ती आपल्या हवाई दलाच्या विमानांनी बुडवली आणि तिचा कमांडर त्यात मारला गेला. त्यानंही माघार घेतली नव्हती, हे नोंदवायला हवं.

१९६९ साली दिल्ली ऑकलंडला गेली तेव्हा तिथल्या लोकांना ती परकी वाटायचं कारण नव्हतं. निवृत्तीनंतर मुंबईत तिचं भंगार झालं, पण मागचं शेवटचं टरेट भारतानं न्यूझीलंडला भेट दिलं. ते ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या फाटकाशी बसवलेलं आहे. इकडे दिल्ली हे नाव १९९७ मध्ये नव्या विनाशिकेला मिळालं, आणि ती माझगाव डॉकमध्येच बांधली गेली.

वेळ संपत आली. टरेटची यंत्रणा, हारवूडची आकडेमोड, दीवची कारवाई, यातलं काही विचारायचं असेल तर विचारा. श्पे अजून समुद्रतळाशी आहे का, हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच सांगतो : हो, माँटेव्हिडिओजवळ उथळ पाण्यात तिचे अवशेष आहेत, आणि तिचं काही सामान वर काढण्यात आलेलं आहे.