पणजीतून केरीचा स्विच

हा पाऊस पणजीतला, पाटोवरचा, आणि हा काळा स्क्रीन ज्या स्विचचा, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या डब्याचा आहे तो तिकडे चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, सत्तरीतल्या केरीत. गाडीने जायचं तर तास-दीड तास, त्यात पावसात रस्त्यावर झाड आडवं पडलं असलं तर विचारूच नका. इथून मात्र आयपी, म्हणजे स्विचचा नेटवर्कवरचा पत्ता टाकला, एंटर मारला, की कमांड टाइप करायचा प्रॉम्प्ट समोर.

ही निळी चपटी केबल म्हणजे कन्सोल केबल, लॅपटॉप थेट डिव्हाइसला जोडणारी. नवा डिव्हाइस आला की पहिलं बोलणं हिच्यावरून, पुटी या लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये सिरियल निवडायचं, स्पीड 9600, आणि एकदा आयपी दिला की पुढचं सगळं लांबून.

आता नीट बघा हं, हे टेस्टच्या स्विचवर मुद्दाम केलंय. डावीकडे टेलनेटने, म्हणजे लांबून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीने लॉगिन, उजवीकडे वायरशार्क, वायरवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम. लाल अक्षरं आपण टाइप केलेली, निळी स्विचने परत पाठवलेली, म्हणून युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतंय, लाल-निळं, लाल-निळं. पासवर्ड स्विच परत पाठवत नाही, म्हणून तो एकदाच, पण अख्खाच्या अख्खा!

टेलनेट 1969 चं, पोर्ट, म्हणजे डिव्हाइसवरच्या दाराचा नंबर, 23. 1995 मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड उचलले आणि तिथल्याच तातू यलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहिलं, तेच लांबून लॉगिन पण सगळं कुलूपबंद, पोर्ट 22. आता तीच वायर, तोच वायरशार्क, सुरुवातीची व्हर्जनची ओळ आणि अल्गोरिदमची नावं तेवढी वाचता येतात, पुढे नुसता कचरा. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने टेलनेट उघडे असलेले कॅमेरे आणि राउटर पकडून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट पाडल्या.

आणि आज केरीचं टेलनेट बंद होतंय. पहिली कमांड बघा, रिलोड इन 10, म्हणजे चुकून आपणच बाहेर पडलो तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या सेव्ह कॉन्फिगवर उठणार, घाट गाठायची गरज नाही, ही सवय प्रत्येकाला लागायलाच हवी. मग क्रिप्टो की, म्हणजे एसएसएचच्या कुलपाची किल्ली, 2048 बिट. मग लाइन व्हीटीवाय 0 15, ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिनच्या सगळ्या लाइनवर फक्त एसएसएच. जुनी विंडो बंद करायची नाही! दुसरी उघडून एसएसएच मारलं, स्विचच्या किल्लीचा फिंगरप्रिंट आला, तो डोळे झाकून यस करायचा नाही, जुन्या विंडोत स्विचवरून घेतलेल्याशी ताडून बघायचा. जुळला, आत गेलो. आता रिलोड कॅन्सल, मग राइट मेमरी, म्हणजे नवं कॉन्फिग सेव्ह.

आणि हे परत टेलनेट मारून बघतोय: कनेक्शन रिफ्यूज्ड.