पेटंट शेवटून वाचावं

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा जाहीर विषय ‘सॉफ्टवेअरला पेटंट मिळावं का’ असा आहे आणि त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण आधी थोडा वेळ गवत कापायच्या यंत्रापाशी आणि मग कपड्यांवरच्या डागांपाशी थांबू. सॉफ्टवेअरबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या दोन ठिकाणी उघड्या डोळ्यांना दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये तेच शोधून काढावं लागतं.

पेटंट हातात आलं की माणूस आधी शीर्षक वाचतो, मग आकृत्या बघतो, मग सारांश. शेवटची पानं उघडतच नाही. आणि हक्क नेमका तिथेच असतो. शेवटी क्रमांक घातलेली वाक्यं असतात, त्यांना क्लेम म्हणतात. एक क्लेम म्हणजे एक वाक्य, मग ते अर्धं पान लांब का होईना. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, तेच काम क्लेम करतो. शीर्षक कितीही भव्य असलं तरी सीमेबाहेरचं काहीच तुमचं नाही. क्लेममध्ये पाच घटक लिहिले असतील आणि दुसऱ्याच्या यंत्रात त्यातले चारच असतील, तर साधारणपणे उल्लंघन होत नाही. पाचव्याच्या जागी त्याच तोडीचं दुसरं काही बसवलं असेल तर वाद होऊ शकतो, तो भाग वेगळा. म्हणजे क्लेम जितका तोकडा, तितकी त्याची सीमा मोठी. आणि तितकाच तो पाडायला सोपा, कारण इतक्या मोठ्या सीमेत आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतंच.

आता गवत. इंग्लंडमधलं स्ट्राउड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं गाव. लोकरी कापड विणून झालं की त्यावर लव उठवतात आणि ती एकसारखी कातरतात, तेव्हा कुठे ते गुळगुळीत होतं. पूर्वी हे काम मोठाल्या हातकात्र्यांनी चालायचं. १८१५ साली जवळच्याच ब्रिम्सकोंबच्या जॉन लुइस यांनी फिरत्या पात्यांच्या कातरयंत्राचं पेटंट घेतलं. नळकांड्यावर पिळाच्या आकारात बसवलेली पाती फिरतात, खाली एक स्थिर पातं असतं, आणि दोघांच्या मधे आलेली लव कापली जाते. पाती पिळाची का, हे लक्षात घ्या. सरळ पातं एकदम पूर्ण रुंदीत आदळलं असतं आणि प्रत्येक फेरीत यंत्राला हिसका बसला असता. पिळामुळे कापण्याचा बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि भार सतत सारखा राहतो.

त्याच भागात एडविन बियर्ड बुडिंग हे यंत्रकारागीर होते. कापडाची लव कातरता येते तर जमिनीची का नाही, हा त्यांचा विचार. जॉन फेराबी यांची थ्रप इथे फीनिक्स फाउंड्री होती. १८ मे १८३० रोजी दोघांत करार झाला. खर्च फेराबींचा, त्या बदल्यात यंत्र बनवण्याचे, विकण्याचे आणि परवाने देण्याचे हक्क त्यांना. ३१ ऑगस्ट १८३० ला पेटंट मिळालं. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने परवाना घेऊन उत्पादन सुरू केलं.

‘कापडाचं यंत्र गवतावर फिरवलं, यात शोध कसला’ असं म्हणणारे तेव्हाही असतील. तर बघू या. गिरणीत यंत्र जागेवर असतं आणि कापड त्याच्याखालून ओढलं जातं. कापडाचा वेग ठरलेला, पात्यांचा वेगही ठरलेला. लॉनवर जमीन हलत नाही, यंत्र हलतं, आणि ते ढकलणाऱ्या माणसाचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. पाती स्वतंत्रपणे फिरवली तर माणूस हळू चालला की तीच जागा पुन्हा पुन्हा कापली जाईल आणि झपझप चालला की पट्टे सुटतील. बुडिंग यांनी पात्यांचं नळकांडं मागच्या रुळाशी दंतचक्रांनी जोडलं, सुमारे १ ला १६ या प्रमाणात. रूळ एकदा फिरला की पाती सोळा वेळा. आता माणूस कसाही चालो, दर सेंटिमीटर जमिनीमागे काप तितकेच पडतात.

हे प्रमाण किती महत्त्वाचं आहे, ते हिशोब करून पाहू. आकडे समजण्यासाठी धरू. रूळ २० सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे परीघ सुमारे ६३. नळकांड्यावर पाच पाती असतील तर रुळाच्या एका फेरीत ८० काप. ६३ भागिले ८०, म्हणजे दर ८ मिलिमीटरला एक काप. गवताची उंची साधारण १० ते १५ मिलिमीटर ठेवायची असेल तर हे चालेल. आता प्रमाण १ ला ४ करा. काप दर ३ सेंटिमीटरला पडतील. दोन कापांच्या मधलं गवत पुढे वाकतं आणि तिरकं कापलं जातं, आणि लॉनवर आडव्या लाटा उमटतात. आजही रीळवाल्या मोअरमध्ये ही तक्रार येते, आणि कारण बहुधा तेच असतं. गवताच्या उंचीच्या मानाने दोन कापांमधलं अंतर जास्त झालेलं असतं.

दुसरी तक्रार फिरत्या आणि स्थिर पात्यामधल्या फटीची. ती कागदाच्या जाडीइतकी हवी. फार आवळली तर घर्षणाने पातं तापतं आणि धार जाते. सैल राहिली तर गवत कापलं न जाता फाटतं आणि दोन दिवसांत शेंडे तपकिरी पडतात. फट तपासायची रीत सोपी आहे. कागदाची पट्टी मधे धरून नळकांडं हाताने सावकाश फिरवा. डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला, तिन्ही ठिकाणी कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका टोकाला कापला आणि दुसऱ्या टोकाला नुसता दुमडला, तर स्थिर पातं तिरकं बसलंय. सरळ करताना हात जपा, कारण नळकांडं सुटं असतं आणि अलगद फिरतं.

आता बुडिंग यांनी हक्क कशावर सांगितला ते बघा, मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. आपल्या विवरणात ते स्पष्ट लिहितात की यंत्राच्या सुट्या भागांवर माझा दावा नाही. या विशिष्ट कामासाठी केलेली त्यांची जोडणी आणि वापर, एवढ्यावरच माझा दावा. पाती लुइस यांच्याकडे होती, दंतचक्रं सगळ्यांकडे होती. कोण कशाला फिरवतं आणि कशासाठी, ते बुडिंग यांचं. माझ्या मते चांगल्या क्लेमचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणं अवघड.

लॉनचीच आणखी एक गोष्ट, थोडक्यात. रुंद पानांचं तण मारणारं २,४-डी हे रसायन बनवण्याची रीत रॉबर्ट पोकॉर्नी यांनी १९४१ मध्ये छापली होती. म्हणजे पदार्थ जगाला माहीत होता. १९४५ मध्ये फ्रँकलिन जोन्स यांना पेटंट मिळालं ते त्याच्या वापरावर, वनस्पती मारण्यासाठी. पदार्थ जुना, उपयोग नवा. शीर्षकावर थांबणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही. जॉर्ज बॅलस यांनी १९७१ साली नायलॉनच्या फिरत्या दोरीचा गवत छाटणारा ट्रिमर केला. त्यांना ही कल्पना सुचली मोटारी धुणाऱ्या यंत्राच्या फिरत्या ब्रशांवरून. धुलाई आणि लॉन यांची ही देवाणघेवाण मला फार आवडते, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

कपड्यांकडे येऊ. न्यूयॉर्कचे शिंपी टॉमस जेनिंग्स यांना ३ मार्च १८२१ रोजी ‘ड्राय स्कोअरिंग’ या कापड स्वच्छ करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. अमेरिकेत पेटंट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. डिसेंबर १८३६ मध्ये वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीला आग लागली आणि तोवरची सुमारे दहा हजार पेटंटं जळाली. त्यातली २,८०० च्या आसपास पुढे प्रतींवरून परत उभी करता आली. जेनिंग्स यांचं त्यात नव्हतं. आज आपल्याकडे नाव आहे, तारीख आहे, शीर्षक आहे. त्यांनी कोणता द्रव वापरला, किती, कोणत्या क्रमाने, यातलं काहीच उरलेलं नाही. त्यांच्या पद्धतीला आजच्या ड्रायक्लीनिंगची सुरुवात म्हणतात ते शीर्षकाच्या बळावर. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाचं काम गेलं आणि उरलं फक्त शीर्षक.

उलट उदाहरण एन्झाइमचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं, आणि इथे क्लेम किती बारीक होऊ शकतो ते दिसतं. रक्त, दूध, घाम यांच्या डागात प्रथिनं असतात. ती कडक गरम पाण्यात गोठतात आणि धाग्यात घट्ट बसतात. म्हणून रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात भिजवायचा असतो. प्रथिनं तोडणारा एन्झाइम धुलाईत वापरायची कल्पना जर्मनीच्या ओटो रोम यांची, १९१३ ची. त्यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातला ट्रिप्सिन घेतला. अडचण अशी की धुण्याचं पाणी सोड्यामुळे चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्यात ट्रिप्सिन टिकत नाही. पुढे जिवाणूंपासून मिळणारा सबटिलिसिन आला, तो अशा पाण्यातही काम करतो. मग दुसरी अडचण. डिटर्जंटमधला ऑक्सिजन सोडणारा ब्लीच या एन्झाइमला निकामी करायचा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. कारण सापडलं ते त्या साखळीतल्या २२२ व्या जागेवरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लात. तो ऑक्सिडाइज झाला की एन्झाइमची ताकद जवळजवळ जाते. १९८५ मध्ये संशोधकांनी त्या एकाच जागी सेरीन, अ‍ॅलनिन, ल्युसीन असे पर्याय बसवून पाहिले आणि एन्झाइम ब्लीचमध्ये टिकला. अशा बदलांवर पेटंटं निघाली. एका रेणूतल्या एका जागेवर क्लेम! पण प्रश्नाचं उत्तर त्यात पूर्ण आहे: काय बदललं, कुठे, आणि त्याने काय झालं.

या एन्झाइमभोवतीची किरकोळ वाटणारी पेटंटंही वाचण्यासारखी आहेत. १९६९ च्या सुमारास लक्षात आलं की डिटर्जंट कारखान्यातल्या कामगारांना एन्झाइमच्या धुळीने दम्याचा त्रास होतो. तेव्हापासून पूड न करता मेणासारखं आवरण दिलेले दाणे करायला सुरुवात झाली. द्रवरूप डिटर्जंटमध्ये वेगळंच होतं, एन्झाइम बाटलीतच एकमेकांना तोडतात. म्हणून बोरॉनचं संयुग आणि प्रोपिलीन ग्लायकॉल घालून त्यांना रोखतात. धुताना पाण्यात मिश्रण पातळ झालं की रोध सुटतो. लोकर आणि रेशीम स्वतः प्रथिनंच, त्यांना या पावडरी लावू नयेत, हे सगळ्यांना माहीत असेलच.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, आणि जाहीर विषय अजून बाकी आहे. तर भराभर.

अमेरिकेत सॉफ्टवेअरचं पहिलं मानलं जाणारं पेटंट मार्टिन गोट्झ यांना एप्रिल १९६८ मध्ये मिळालं, माहिती क्रमाने लावण्याच्या पद्धतीवर. १९७२ मध्ये बेन्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दशमान अंकांच्या सांकेतिक रूपाचं द्विमानात रूपांतर करण्याच्या नुसत्या रीतीला पेटंट नाही. १९८१ मध्ये डीर खटल्यात तेच न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी दुसऱ्या बाजूला गेलं. तिथे रबर साच्यात पक्कं करायचं होतं. साच्यातलं तापमान सतत मोजायचं, अर्‍हेनियसच्या समीकरणाने, म्हणजे तापमानावरून रासायनिक क्रियेचा वेग सांगणाऱ्या सूत्राने, वेळ पुन्हा पुन्हा काढायची आणि ती भरली की साचा उघडायचा. समीकरण जुनंच होतं. पण क्लेममध्ये मोजणं होतं, हिशोब होता आणि त्या हिशोबाने उघडणारा साचा होता. बुडिंग यांच्या रुळाने पाती फिरावीत तसंच. २०१४ च्या अ‍ॅलिस खटल्यात मात्र व्यवहाराच्या पूर्ततेची जोखीम मध्यस्थामार्फत कमी करण्याची जुनी कल्पना ‘संगणकावर करा’ एवढंच सांगितलं होतं. नऊच्या नऊ न्यायाधीशांनी नकार दिला, आणि योग्य केलं.

म्हणजे माझं उत्तर: सॉफ्टवेअरला पेटंट मिळावं, पण क्लेमने ‘काय हवं’ एवढ्यावर न थांबता ‘ते कसं’ हे सांगितलं तरच. दोन इशारे. एलझेडडब्ल्यू ही माहिती दाबून लहान करण्याची पद्धत. तिच्यावर वेल्च यांचं १९८५ चं पेटंट होतं आणि आयबीएमचंही एक होतं. दोन्ही अर्ज जून १९८३ चे, पद्धत एकच, शब्द वेगळे, आणि तपासनिसांच्या हातून दोन्ही सुटले. जीआयएफ चित्रं याच पद्धतीने दाबलेली असतात, त्यामुळे वेल्च यांच्या पेटंटपायी पुढे त्यांच्यावरून केवढा तरी गोंधळ झाला. दुसरा इशारा अ‍ॅमेझॉनच्या एका क्लिकच्या खरेदीचा, १९९९ चं पेटंट. क्लेममध्ये ‘एकच कृती’ असं होतं. प्रतिस्पर्ध्याने खात्री करण्यासाठी एक क्लिक वाढवली आणि सीमेबाहेर गेला.

शेवटी एक वाशिंग मशीन घेऊ. ‘कपडे किती मळले आहेत ते ओळखून योग्य तितका वेळ धुणारी यंत्रणा’ हा वाईट क्लेम. यात फक्त इच्छा आहे. आता असं लिहा: पाणी जाण्याच्या नळीवर एका बाजूला दिवा आणि समोर प्रकाशग्राहक. सुरुवातीच्या स्वच्छ पाण्यातून किती प्रकाश आला त्याची नोंद. मग ठरावीक अंतराने मोजून प्रत्येक आकड्याला त्या पहिल्या नोंदीने भागणं. लागोपाठच्या दोन भागाकारांतला फरक ठरवलेल्या मर्यादेखाली आला की धुणं थांबवून निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडणं. पहिल्या नोंदीने का भागायचं? काचेवर क्षार साचले की दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात खाली येतात आणि गुणोत्तर तसंच राहतं. आणि फेसाचे बुडबुडे प्रकाश विखुरतात, म्हणून ड्रम थांबवून काही सेकंदांनीच मोजायचं. हे दुसऱ्या क्रमांकाच्या, पहिल्यावर अवलंबून असलेल्या क्लेममध्ये घाला. पहिला कोर्टात पडला तरी तो उभा राहू शकेल.