कानबाईच्या मिरवणुकीत वाजलेलं स्वीडनचं गाणं

राम राम मंडळी. आज मी मेलोडिक डेथ मेटलवर, म्हणजे रॉक संगीताच्या एका फार कर्कश प्रकारावर बोलणारे, हो, बरोबर ऐकलंत, तेच ते लांब केस आणि घोगरा आरडाओरडा. चॅनल बदलू नका. पाच मिनिटं ऐका, मग ठरवा.

अल्बमचं नाव 'स्लॉटर ऑफ द सोल', बँड 'अ‍ॅट द गेट्स', गाव गोथेनबर्ग, स्वीडनमधलं बंदर. साल १९९५, नोव्हेंबर महिना. अकरा गाणी आणि सगळी मिळून चौतीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे धुळ्याहून अमळनेरला जाताना एस्टीत एकदा पूर्ण ऐकून होतो. आणि आज मला एकच गोष्ट सांगायचीय, की या सगळ्या गोंगाटाच्या खाली चाल आहे. चाल. साधी, गुणगुणता येईल अशी चाल.

हे मला कोणी शिकवलं? कुठल्या समीक्षकानं नाही, तर आमच्या गावच्या बँजोवाल्या मास्तरांनी. ती गोष्ट सांगतो.

२००९ चा श्रावण. आमचं गाव पांझरेच्या काठी, कानबाई म्हणजे आमची खानदेशातली देवी, तिच्या विसर्जनाचा सोमवार, रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, आदल्या दिवशीच झालेले, घराघरात अजून पुरणाचा वास आणि सकाळपासून कानबाई नदीवर न्यायची गडबड. बँजो पार्टी आलेली. तेव्हा अजून बँजो पार्टी यायची हो, आता डीजे येतो आणि घराच्या काचा हलवून जातो, पोटात धडधडतं पण कानात काही राहत नाही, असो. तर मिरवणूक मारुतीच्या पारापर्यंत आली आणि धो धो पाऊस. बायकांनी कानबाई देवळात घेतली, बँजोवाले ओट्यावर चढले, प्लास्टिकचा कागद टाकला खरा पण अँप्लिफायरला पाणी लागलंच. पाऊस थांबला तर मशीन गप्प. मास्तर म्हणाले, कोणाकडे मोबाइल आहे का रे, पिन लावून बघू, आवाज येतो का.

मी शहाणा, पुढे झालो. माझ्या मोबाइलमध्ये पुण्याला शिकणाऱ्या मावसभावानं पेनड्राइव्हमधून भरून दिलेली गाणी होती, त्यातलं कुठलं पुढे येईल ते मला पण माहीत नव्हतं. पिन लावली, बटण दाबलं. आणि त्या दोन भोंग्यांमधून, देवळासमोर, अख्ख्या गावाला, 'ब्लाइंडेड बाय फिअर'. अल्बमचं पहिलंच गाणं. सुरुवातीला जरा गूढ आवाज येतो, तोवर सगळे शांत, दोन म्हाताऱ्यांनी तर हात जोडले. आणि मग गिटारी सुटल्या, ड्रम सुटला, आणि तो माणूस ओरडायला लागला.

मी पिन शोधतोय, हात ओले, पिन निघेना. आमची आजी देवळाच्या पायरीवरून म्हणते, "अरे, त्याले कोन मारी ऱ्हायनं रे?" बायका हसायला लागल्या, कुत्री भुंकायला लागली, पुजारीबुवा माझ्याकडे असे बघतायत की आता रोट वर्षभर बंद. शेवटी कोणीतरी वायरच उपटली.

मला वाटलं आता मास्तर शिव्या घालतील. मास्तर बँजो मांडीवर घेऊन बसलेले, म्हणाले, "भाऊ, परत लाव. तो मानूस आरडाना पहिले जे वाजनं ना, तेवढंच." परत लावलं, हळू आवाजात. तिसऱ्यांदा लावलं. आणि चौथ्यांदा मोबाइलची गरजच पडली नाही, मास्तरांनी डाव्या हातानं बटणं दाबत, उजव्या हातानं पत्ती थरथरवत ती गिटारची ओळ जशीच्या तशी बँजोवर काढली. अहो तीच पत्तीची थरथर! गिटारवाले तिला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात, आमचे मास्तर आयुष्यभर तेच करत आले. ताशावाल्यानं कान दिला आणि दोन-दोनचा ठेका धरला, तो तर लग्नाचाच ठेका. मिरवणूक निघाली. पार ते नदी, मधेमधे अहिराणी गाणी आणि मधेमधे स्वीडन. बायका फुगड्या खेळल्या त्यावर. नदीवर मास्तर मला म्हणाले, "चाल गोड शे. पन तो मानूस आरडस कशाले?"

तर सांगायचं म्हणजे, चाल. त्या आरड्याच्या खाली चाल.

आता थोडं अल्बमविषयी, कारण वेळ संपत आलाय. गिटारवर आन्दर्स ब्यॉर्लर आणि मार्टिन लार्सन, बासवर आन्दर्सचा जुळा भाऊ योनास, ड्रमवर एड्रियन एर्लँडसन. रेकॉर्डिंग स्टुडिओ फ्रेडमनमध्ये, फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉमच्या हाताखाली. १९९२ च्या पहिल्या अल्बममध्ये यांच्याकडे व्हायोलिनसुद्धा होतं, गाणी वळणावळणाची, एकात चार गाणी. इथं मात्र सगळं छाटून टाकलं. काही जुने चाहते नाराज झाले, म्हणे सोपं केलं. मला हे पटत नाही. भरीत करताना वांगं भाजून, लाकडी मुसळीनं ठेचून, मोजकीच मिरची-लसूण घालतात ते सोपं असतं का? करून बघा. आणि मिक्सरमधून काढलेल्या भरताला भरीत म्हणू नका, ती चटणी.

गंमत अशी की नाव होत असतानाच, १९९६ मध्ये, बँड फुटला. ब्यॉर्लर भाऊ आणि ड्रमर यांनी 'द हॉन्टेड' काढला. आणि मग २००० नंतर अमेरिकेत मेटलकोरवाली, म्हणजे मेटल आणि हार्डकोर पंक एकत्र करणारी पोरं आली, किलस्विच एंगेज वगैरे बँड, आणि त्यांच्या गिटारींमध्ये हा गोथेनबर्गचा वास स्पष्ट येतो. म्हणजे दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईक आलं. २००८ ला परत एकत्र आले, २०१४ ला नवीन अल्बम काढला.

आणि तो ओरडणारा माणूस, टोमास लिंडबर्ग, लोक त्याला टोम्पा म्हणायचे, तो शाळेत शिक्षक होता. मास्तरच! २०२५ च्या सप्टेंबरात कॅन्सरनं गेला तो. बातमी वाचली तेव्हा मला पहिले आठवला तो पाऊस आणि आजीचा प्रश्न.

ऐकायचंच असेल तर तिसऱ्या गाण्यापासून धरा, 'कोल्ड'. त्यात किंग डायमंड या डॅनिश मेटल गायकाच्या बँडमधला गिटारवाला अँडी लारॉक सोलो वाजवून गेलाय पाहुणा म्हणून. घरात म्हातारं माणूस असेल तर हेडफोन लावा.

आणि मास्तर, तुम्ही ऐकत असाल तर फोन करा. त्या पावसाच्या पुढच्या वर्षीपासून पोरं विचारायची ना, "त्या आरडणारा मानूसनं गानं वाजाडा", मग मधेच तुम्ही बँजो विकला असं ऐकलं. खरं नसेल तर यंदा कानबाईला या. मशीन मी आणतो, आणि मोबाइल घरी ठेवतो.