भंडाऱ्याचा पिवळा जातो कुठे?

(दृश्य: जेजुरीगड, सोमवती अमावस्या. कमानीखालून पालखी बाहेर येते. सुरुवातीला फक्त ‘येळकोट येळकोट, जय मल्हार’चा गजर, मग निवेदन.)

सोमवारी अमावस्या आली की खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेच्या स्नानाला निघते. भंडारा उधळला जातो आणि पायऱ्या, दीपमाळा, माणसांचे केस, पापण्या, सगळं हळदीनं माखतं. जागा मिळेल तिथं फोटो काढणारे उभे असतात. त्यातल्या नवख्यांच्या स्क्रीनवर मात्र हाच पिवळा फिका उतरतो, कधी चक्क हिरवट. कॅमेरा महागाचा असला तरी.

दोष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग, ‘ऑटो’वर राहिलेली असते.

(दृश्य: तीच चौकट शेजारी शेजारी. डावीकडे ऑटो, उजवीकडे डेलाइट.)

ऑटो फ्रेममधले रंग बघून प्रकाश कसा असेल याचा अंदाज बांधतो. यातला सगळ्यात जुना हिशेब असा, की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती करडी यावी. आजचे कॅमेरे याहून बरेच हुशार झालेत. तरी पिवळेपणा प्रकाशात आहे की वस्तूत, हे त्यांना दर वेळी ओळखता येत नाही. कार्यालयातला पिवळा बल्ब आणि जेजुरीचा भंडारा त्यांच्या लेखी सारखाच. मग कॅमेरा इमानेइतबारे निळ्याची भर घालतो, आणि ज्यासाठी आपण पहाटे उठून आलो तेच धुऊन टाकतो.

म्हणून इथं सूर्याचं चिन्ह निवडायचं, म्हणजे डेलाइट. किंवा केल्व्हिनमध्ये, म्हणजे प्रकाशाचा रंग मोजायच्या एककात, 5200 ते 5500 च्या आसपासचा आकडा घालून मोकळं व्हायचं.

(दृश्य: मेनूत आकडा बदलत जातो, चित्राचा रंगही.)

या आकड्यांची गंमत बघा. मेणबत्तीचा प्रकाश साधारण 1900 केल्व्हिन, जुन्या काचेच्या बल्बचा 2700 ते 3000, दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या घरात, आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा सात-आठ हजार. आकडा वाढतो तसा प्रकाश निळा होत जातो. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो! कारण आपण त्याला सांगतोय, ‘बाबा रे, प्रकाश निळा आहे,’ आणि तो भरपाई म्हणून पिवळा ओततो. भर उन्हात 3200 लावून बघा, जेजुरी निळी दिसेल. एकदा मुद्दाम करून बघावंच. पाठ करण्यापेक्षा ते बरं.

रंग मोजायला वापरतात त्या करड्या कार्डाचा फोटो घेऊन कस्टम, म्हणजे आपण स्वतः ठरवलेला, व्हाइट बॅलन्स लावता येतो. कपड्यांचे, दागिन्यांचे फोटो काढताना तोच मार्ग उत्तम. गडावर मात्र कार्ड पिशवीबाहेर काढलं की दोन मिनिटांत हळदीचं होतं, आणि हळदीच्या कार्डावरून मोजलं की पुन्हा तीच निळी भरपाई. कार्ड वापरायचंच असेल तर उधळण सुरू होण्याआधी, उन्हात धरून मोजून घ्यावं. साध्या पांढऱ्या कागदावर फार विसंबू नये. बऱ्याच कागदांत चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ते किंचित निळे असतात.

‘रॉ’मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं की रंग नंतर बदलता येतो, हे खरं. पण ऑटोवरच्या शेकडो फोटोंमध्ये प्रत्येकाचा रंग वेगळा असेल, तर ते ‘नंतर’ फार लांबतं. व्हिडिओत तर ही सोय बहुतेकांकडे नसते. पालखी जवळ येताना चालू शॉटमध्येच रंग सरकतो, आणि एडिटिंगला बसलेला माणूस कपाळाला हात लावतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या ‘प्रो’ मोडमध्येही व्हाइट बॅलन्स हातानं ठरवता येतो, तिथंही हाच नियम.

(दृश्य: तिन्हीसांज. पायथ्याची भंडाऱ्याची दुकानं, मागे निळं आकाश.)

संध्याकाळी पायथ्याशी वेगळीच पंचाईत. दुकानात एलईडी, बाहेर मावळतीनंतरचं निळं आभाळ. दोन्ही एकाच सेटिंगमध्ये बसत नाहीत. इथं दुकानदाराच्या चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशाप्रमाणे आकडा ठरवावा आणि आभाळ निळं राहू द्यावं. स्वस्त एलईडीखाली चेहरा हिरवट दिसत असेल, तर केल्व्हिन फिरवून तो हिरवेपणा जाणार नाही. त्यासाठी ‘टिंट’, म्हणजे हिरवा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) यांच्यातला तोल, थोडा मॅजेंटाकडे सरकवावा लागतो.