डावखुऱ्याचा कॅमेरा

इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन येथे १९२५ आणि १९२६ अशा लागोपाठ दोन उन्हाळ्यांत डब्लिन विद्यापीठाचा संघ नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध प्रथम श्रेणीचे सामने खेळला. त्या संघातील एका डावखुऱ्या फलंदाजाने चार डावांत मिळून ३५ धावा केल्या, आणि आपल्या मध्यमगती गोलंदाजीवर ६४ धावा मोजूनही त्याला एकही बळी मिळाला नाही. असे आकडे सहसा कोणी जपत नाही. हे जपले गेले, कारण तो खेळाडू म्हणजे पुढे १९६९ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारे आयरिश लेखक सॅम्युएल बेकेट.

नाटककार बेकेट सर्वांना ठाऊक आहेत. कॅमेऱ्याची त्यांना असलेली ओढ मात्र क्वचितच सांगितली जाते. १९३६ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मॉस्कोतील चित्रपट-शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळावा म्हणून दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांना पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही.

ते शिक्षण अखेर जर्मनीतील श्टुटगार्टच्या दूरचित्रवाणी केंद्रात झाले, असे म्हणायला हरकत नाही. 'ए जो' हे आपले दूरचित्रवाणी नाटक त्यांनी तेथे स्वतः दिग्दर्शित केले आणि ते १३ एप्रिल १९६६ रोजी, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, प्रसारित झाले. खोलीत एकटाच असलेला जो खिडकी, दार, कपाट तपासतो, पलंगाखालीही वाकून पाहतो आणि कोणी नाही अशी खात्री झाल्यावर पलंगावर बसतो. मग पडद्याबाहेरून एका स्त्रीचा आवाज त्याच्याशी बोलू लागतो. कॅमेरा नऊ वेळा त्याच्या चेहऱ्याकडे सरकतो, दर वेळी जेमतेम चार इंच. पण आवाज थांबलेला असतानाच. पुढचा शब्द उमटताच कॅमेरा जागीच थबकतो, आणि जोला क्षणभर वाटलेली सुटका तेथेच संपते. संहितेतच इंच मोजून देणाऱ्या या लेखकाने कॅमेऱ्याला पात्राचीच भूमिका दिली होती. त्याचा उगम क्रिकेटमध्ये शोधण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

श्टुटगार्टला ते पुन्हा पुन्हा गेले आणि तेथील कॅमेरामन जिम लुईस यांच्यासोबत काम करत राहिले. १९८१ च्या 'क्वाड'मध्ये तर एकही शब्द नाही. सहा पावले लांबीच्या बाजूंचा एक चौरस, पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या आणि लाल झग्यांतील चार आकृत्या, प्रत्येकीसाठी वेगळे तालवाद्य, आणि समोर उंचावर बसवलेला, तसूभरही न हलणारा कॅमेरा. आकृत्या बाजूंवरून आणि कर्णांवरून झपाझप चालतात, पण मध्यबिंदूजवळ येताच प्रत्येक जण तो टाळून वळसा घेतो.

हे रंगीत चित्रण बेकेट यांनी केंद्रातील कृष्णधवल मॉनिटरवर पाहिले आणि तेवढ्यावरून दुसरा भाग करायचे ठरवले. त्यात रंग नाहीत आणि तालवाद्येही नाहीत. सारख्याच झग्यांतील त्याच आकृत्या त्याच वाटांवरून अतिशय संथपणे चालतात, आणि ऐकू येते ती फक्त त्यांच्या पावलांची फरफट.