क्रिकेटच्या मैदानावर बजेट

नमस्कार मंडळी. गेटवेसमोर ताजचा तो उंच टॉवर दिसतो ना, तो व्हायच्या आधी तिथे ग्रीन्स हॉटेल होतं. १९५८ साली तिथल्या एका छोट्या हॉलमध्ये नानी पालखीवाला नावाचे वकील बजेट समजावून सांगायला उभे राहिले, आणि मग दरवर्षी गर्दी इतकी वाढत गेली की शेवटी भाषण ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावं लागलं. क्रिकेटच्या मैदानात लोक इन्कम टॅक्स ऐकायला यायचे, बोला! आणि हा माणूस हातात कागद नाही, आकडे सगळे तोंडपाठ.

हे घडवून आणणारी संस्था म्हणजे फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज, खुल्या बाजाराची बाजू मांडणारी, ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईत काढलेली. आज ज्याला थिंक टँक म्हणतात, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करून मत मांडणारी संस्था, तसलंच काम, पुस्तिका काढायच्या, भाषणं ठेवायची. तेव्हा वारं सगळं सरकारी नियोजनाचं, कारखाना काढायला लायसन्स, वाढवायला लायसन्स, स्कूटरला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि याविरुद्ध कोणी बोललं की तो भांडवलदारांचा माणूस. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी अर्थतज्ज्ञांचं पॅनल बसलं, त्यात बी. आर. शेणॉय या एकट्याने १९५५ मध्ये वेगळं मत लिहून दिलं की एवढा तुटीचा खर्च झेपणार नाही, महागाई होईल. कोणी ऐकलं नाही, आणि दोन वर्षांत परकीय चलनाची बोंब झाली.

१९७३-७४ ला वरच्या टप्प्यावरचा टॅक्स सरचार्ज धरून ९७.७५ टक्के होता, म्हणजे त्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन हातात! तरीपण फोरममुळे १९९१ चं बाजार खुला करणं झालं असं मी काही म्हणणार नाही. देशाचं सोनं परदेशात गहाण टाकायची पाळी आली तेव्हा सरकार हललं, भाषणं ऐकून नाही. भाषणांनी झालं काय, तर बजेट ही आपल्यालाही कळणारी गोष्ट आहे, त्यावर आपणही चार शब्द बोलू शकतो, असं साध्या नोकरदाराला वाटायला लागलं. मला विचाराल तर हे काम जास्त मोठं.

आता पैशाचं. श्रॉफ टाटांकडचे, पालखीवालाही टाटांकडचे, मग संस्था स्वतंत्र कशी, असं कोणीही विचारणार, आणि विचारायलाच पाहिजे. पण गंमत बघा, खुला बाजार सगळ्या धंदेवाल्यांना हवाच असतो असं कुठंय? ज्याच्या खिशात लायसन्स आहे त्याला कॉम्पिटिशन कशाला हवी! खुद्द श्रॉफ १९४४ च्या बॉम्बे प्लॅनच्या, म्हणजे उद्योगपतींनी मांडलेल्या देशाच्या विकास योजनेच्या, लेखकांपैकी एक, आणि त्या प्लॅनमध्ये सरकारला केवढी जागा दिलेली. फोरमचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे एम. आर. पै तर ठेवीदारांच्या बाजूने बँकांशीच भांडायचे. म्हणून टीव्हीवर कोणाच्या नावाखाली पॉलिसी एक्स्पर्ट असं दिसलं की मी एवढंच बघतो, ज्यांच्या पैशावर यांचं ऑफिस चालतं त्यांना झोंबेल असं यांनी कधी काही लिहिलंय का.

गावाकडे खुल्या बाजाराचा हाच विचार हॉलमधून नाही तर शेतातून आला. १९८० मध्ये चाकणला शेतकरी संघटनेचे शरद जोशी कांद्यासाठी रस्त्यावर उतरले, भीक नको, हवे घामाचे दाम. पुढे डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार खुला करायच्या कराराच्या मसुद्याला, सगळीकडून शिव्या बसत होत्या तेव्हा हेच गृहस्थ त्याच्या बाजूने उभे, कारण सबसिडी नको, आमच्या मालाला बाजार मोकळा करा, हे त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं.

आणि आज? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावला लिलाव थांबले. बंदी उठली मे २०२४ मध्ये, नाशिकचं मतदान जेमतेम दोन आठवड्यांवर आलं होतं तेव्हा. त्यात कुठल्या थिंक टँकचा रिपोर्ट कामाला आला असेल असं मला तरी वाटत नाही.