साडेपाच मिनिटांचं आकाश : रिकार्दो जाकोनी आणि क्ष-किरणांचं खगोलशास्त्र

श्रोतेहो, नमस्कार.

दवाखान्यात एक्स-रे काढताना हे किरण हातातून आरपार जातात, त्यामुळे त्यांना कशाचाच अडथळा होत नसेल असं आपल्याला वाटतं. पण आकाशातल्या ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आपल्या डोक्यावरच्या हवेतच विरून जातात. वातावरणाचा हा थर वजनाने जवळपास दहा मीटर पाण्याइतका आहे, मग जमिनीपर्यंत काय पोचणार? गॅमा किरणांचीही तीच गत. म्हणजे हे आकाश पाहायचं तर उपकरणच हवेच्या वर न्यायला हवं.

ज्या माणसाने ते नेलं, आणि नेतच राहिला, त्याचं नाव रिकार्दो जाकोनी. जन्म १९३१ सालचा, इटलीतल्या जिनोआचा. आई शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची. मिलान विद्यापीठात विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांवर, डॉक्टरेट करून ते १९५६ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९५९ मध्ये बॉस्टनजवळच्या एका छोट्या खासगी कंपनीत रुजू झाले. तिथे ज्येष्ठ शास्त्रज्ञ ब्रूनो रॉसी यांनी सुचवलं, आकाशातले क्ष-किरण शोधून पाहा.

सल्ला तसा धाडसाचाच. सूर्यातून क्ष-किरण येतात हे तेव्हा माहीत होतं, पण तोच सूर्य एखाद्या ताऱ्याइतक्या अंतरावर ठेवला तर त्याचे क्ष-किरण तेव्हाच्या कुठल्याही उपकरणाला जाणवले नसते. मग पैसा मागायचा कशासाठी? उत्तर निघालं चंद्र. सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडून ती माती क्ष-किरणांत चमकते का, एवढं पाहण्यासाठी अमेरिकी हवाई दलाने पैसे दिले. त्यासाठीच्या आधीच्या एका उड्डाणात उपकरणांसमोरची रॉकेटची दारंच उघडली नव्हती.

१८ जून १९६२ च्या मध्यरात्री, बाराला एक मिनिट असताना, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून एरोबी रॉकेट सुटलं. ऐंशी किलोमीटरच्या वर ते फक्त ३५० सेकंद राहिलं, साडेपाच मिनिटांपेक्षा जरासं जास्त. रॉकेट स्वतःभोवती फिरत होतं, त्यामुळे किरण टिपून मोजणाऱ्या गायगर मोजणीयंत्रांच्या नजरेखालून आकाशाचा पट्टा पुन्हापुन्हा सरकत होता. दर फेरीला मोजणी एका जागी झपकन वर जायची, पण ती जागा चंद्राची नव्हती. ती होती वृश्चिक राशीच्या दिशेला. शिवाय सगळ्याच दिशांनी क्ष-किरणांचा एक मंद उजेड येत होता. तो कुठून येतो, ते कळेना.

याला लोक नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. जाकोनींच्या मंडळींनी मोजणीयंत्रांच्या खिडक्या आधीच्यांपेक्षा कितीतरी मोठ्या केल्या होत्या आणि विश्वकिरणांची खोटी मोजणी वगळण्याची सोय केली होती. नशीब उजाडलं, पण तयारी आधीची होती. आणि चंद्राचा तो मूळ प्रश्न? जर्मनीच्या रोसॅट उपग्रहाने १९९० मध्ये चंद्राचं क्ष-किरणांतलं चित्र घेतलं, आणि आपल्या चांद्रयान-२ वरचं एक उपकरण त्याच चमकेवरून चंद्राच्या मातीतली मूलद्रव्यं ओळखतं.

वृश्चिकेतला तो स्रोत निघाला एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिशय घट्ट दाबला गेलेला गाभा. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य त्याच्यावर कोसळतं आणि पडता पडता काही कोटी अंशांपर्यंत तापतं. सूर्याच्या एकूण प्रकाशाच्या सुमारे साठ हजारपट ऊर्जा तो नुसत्या क्ष-किरणांत ओततो. हे मात्र पुढे उमगलं, जाकोनींच्या गटाच्या उहुरू या क्ष-किरण उपग्रहामुळे. १२ डिसेंबर १९७० ला, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या इटालियन तळावरून तो उडाला. रॉकेटची मिनिटं संपली, आता उपकरण दोन वर्षांहून अधिक आकाश न्याहाळत राहिलं. नरतुरंग तारकासमूहातला एक स्रोत दर ४.८ सेकंदांनी लुकलुकतो आणि दर दोन दिवसांनी काही तास गायब होतो, हे उहुरूने दाखवलं. म्हणजे तो दुसऱ्या ताऱ्याच्या मागे जातो, जोडी आहे! पुढची गंमत अशी की त्याचं लुकलुकणं हळूहळू वेगवान होत होतं. स्वतःची गिरकी खर्चून चमकणारा तारा मंदावला असता. हा तर वेग घेतोय, म्हणजे ऊर्जा बाहेरून पडणाऱ्या द्रव्याची. मला विचाराल तर जाकोनींच्या गटाचं सगळ्यात देखणं काम हेच. हंस तारकासमूहातला पहिला क्ष-किरण स्रोत म्हणजे कृष्णविवर आहे, हा संशयही याच काळात बळावला.

पण ही सगळी नुसती मोजणीयंत्रं झाली, दुर्बीण कुठे आहे? क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर आत शिरतात, परतत नाहीत. तळ्यात चपटा दगड तिरका भिरकावला की टप्पे घेत जातो, तसे ते आरशाला अगदी चाटून गेले तरच वळतात. जाकोनी आणि रॉसी यांनी ही कल्पना १९६० मध्येच मांडली होती. १९६३ मध्ये जाकोनींनी नासापुढे ठेवलेल्या आराखड्यात १.२ मीटर व्यासाची क्ष-किरण दुर्बीण होती, आणि ती १९६८ मध्ये उडवायची होती! १९७८ मध्ये आइन्स्टाइन वेधशाळा उडाली आणि क्ष-किरणांची खरी चित्रं मिळू लागली. मधल्या काळात जाकोनी हबल दुर्बिणीच्या संस्थेचे पहिले संचालक झाले, मग युरोपीय दक्षिण वेधशाळेचे प्रमुख. १.२ मीटरची ती दुर्बीण, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा वेधशाळा, निघाली २३ जुलै १९९९ ला. एकतीस वर्षं उशिरा, पण माप तेच. आणि तसेच किरण चाटून जाणारे आरसे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने अ‍ॅस्ट्रोसॅटच्या दुर्बिणीसाठी घडवले. तो उपग्रह २०१५ मध्ये श्रीहरिकोट्याहून उडाला.

जाकोनींना २००२ मध्ये नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. त्या सुमारास त्यांनी चंद्रा वेधशाळेला दक्षिण आकाशातल्या एका छोट्या तुकड्याकडे एकूण दहा लाख सेकंद रोखून धरायला लावलं. १९६२ च्या त्या मंद उजेडाचे तिथे सुटे सुटे ठिपके झाले. बहुतेक ठिपके म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यातली, द्रव्य गिळणारी अजस्र कृष्णविवरं. ९ डिसेंबर २०१८ ला जाकोनी गेले. आकाशाच्या त्याच तुकड्याची चंद्रा वेधशाळेने घेतलेली एकूण निरीक्षणं तोवर सत्तर लाख सेकंदांवर गेली होती.

नमस्कार.